लाकडाच्या शेगडीवरचा बिनविजेचा पंखा: निवड, मांडणी आणि दुरुस्ती

फोंड्यातल्या माझ्या दुकानात मिक्सर, छताचे पंखे आणि पाण्याचे पंप दुरुस्तीला येतात. पण गेल्या काही वर्षांपासून डिसेंबरात, म्हणजे विलायतेत स्थायिक झालेली माणसे सुट्टीवर गावी येतात तेव्हा, एक निराळीच वस्तू टेबलावर येऊ लागली आहे. वीतभर उंचीचा, काळ्या रंगाचा, अ‍ॅल्युमिनियमचा एक छोटा पंखा, ज्याला वायर नाही, बॅटरी नाही आणि बटणही नाही. खोली गरम ठेवण्यासाठी जी लाकडाची बंद लोखंडी शेगडी असते तिच्या माथ्यावर तो ठेवायचा आणि शेगडी तापली की तो आपोआप फिरू लागतो. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा वीस अंशांच्या आसपासच राहतो, त्यामुळे इथे अशा शेगडीचे काही काम नाही. परंतु स्विंडनसारख्या इंग्लंडमधल्या शहरात आता गोव्यातल्या माणसांची मोठी वस्ती आहे आणि तिथल्या काही जुन्या घरांत अशा शेगड्या आजही पेटतात. माझा भाचा अशाच एका घरात राहतो. त्याने फोनवर विचारलेले प्रश्न आणि माझ्या टेबलावर उघडून पाहिलेले पंखे, या दोहोंतून जे हाती लागले ते इथे क्रमाने मांडतो.

पंखा चालतो कशावर

बहुतेकांचा समज असा असतो की हा पंखा उष्णतेवर चालतो आणि म्हणून शेगडी जितकी तापेल तितका तो जोरात फिरेल. हा समज अर्धाच खरा आहे आणि बहुतेक पंखे याच समजापायी बिघडतात. तो चालतो उष्णतेच्या फरकावर. काजूची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल: भाणाखाली, म्हणजे काजूचा रस उकळतो त्या भांड्याखाली, कितीही जाळ घातला तरी जिथे वाफ उतरते तिथले पाणी कोमट झाले की हुर्राकाचे, म्हणजे पहिल्या धारेच्या दारूचे, थेंब मंदावतात, म्हणून भट्टीवरचा माणूस जाळाइतकेच लक्ष त्या थंड पाण्यावर ठेवतो. पंख्याचेही तसेच आहे. त्याच्या तळाचा जाड ठोकळा म्हणजे भट्टीखालचा जाळ आणि वरचे पसरट पत्रे, ज्यांना आम्ही हीटसिंक म्हणतो, ते म्हणजे थंड पाणी. या दोहोंच्या मध्ये सुमारे 4 सेंटिमीटर लांब-रुंद अशी एक चपटी पांढरी वडी दाबून बसवलेली असते. तिला थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल म्हणतात.

दोन वेगळ्या वाहकांचे सांधे वेगवेगळ्या तापमानावर ठेवले की त्यांच्यात विजेचा दाब निर्माण होतो, हा परिणाम थॉमस झेबेक या शास्त्रज्ञाने 1821 मध्ये पाहिला आणि तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. वडीच्या आत बिस्मथ टेल्युराइडच्या अर्धवाहक तुकड्यांच्या, सामान्यतः 127, जोड्या ओळीने जोडलेल्या असतात. दोन्ही बाजूंत 60 अंशांचा फरक असेल तर अशा वडीतून साधारण 3 व्होल्ट मिळतात आणि मोटर जोडल्यावर त्यातले निम्म्याच्या आसपास उरतात. एवढ्यावर एक लहान मोटर फिरते, जिला साधारण एखादा वॅट पुरतो. आपल्या छताच्या साध्या पंख्याला 70 ते 75 वॅट लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या वस्तूकडून काय अपेक्षा ठेवायची याचे माप मिळते.

पंखा फिरू लागला की तो मागची गार हवा ओढून हीटसिंकवरून पुढे ढकलतो. त्याने हीटसिंक थंड राहते, फरक टिकतो आणि पंखा फिरत राहतो. एकदा का ही साखळी कुठे तुटली, म्हणजे मागून गार हवा मिळेनाशी झाली किंवा मोटर अडकली, की वरची बाजूही तापते, फरक घटतो, पंखा मंदावतो, त्यामुळे वरची बाजू आणखी तापते आणि शेवटी वडी जळते. पुढची सगळी खबरदारी या एका साखळीसाठीच आहे.

आधी शेगडी मोजावी, मग पंखा पाहावा

पंखा निवडण्याची पहिली पायरी दुकानात नव्हे, शेगडीपाशी होते. लोखंडाला चिकटणारा, चुंबक लावलेला गोल थर्मामीटर मिळतो; तो शेगडीच्या माथ्यावर, पंखा जिथे ठेवायचा असेल नेमका त्याच जागी ठेवावा आणि एका संध्याकाळी पेटवल्यापासून दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहून घ्यावा. माथ्याच्या मध्यावर आणि मागच्या कोपऱ्यावर शंभर अंशांचाही फरक पडू शकतो, म्हणून दोन-तीन जागा तपासाव्यात. असे केल्याने तीन गोष्टी कळतात: शेगडी रोजच्या वापरात कुठवर तापते, किती वेळात तापते आणि भर जाळ असताना तिचा सर्वोच्च आकडा काय असतो.

माझ्या भाच्याने हे केले नव्हते. त्याचा पहिला पंखा पुरेसा फिरत नाही म्हणून त्याने दुसरा, महागाचा मागवला आणि तोही तसाच रेंगाळला. फोनवर शेगडीचे छायाचित्र पाहिल्यावर कारण कळले. त्याची शेगडी दुहेरी आवरणाची होती. अशा शेगडीत आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामध्ये मोकळी फट असते. खालून आलेली हवा त्या फटीतून तापून वरच्या जाळीतून आपोआप बाहेर पडते आणि त्यामुळे वरचा पत्रा फारसा तापत नाही. अशा शेगडीला हा पंखा मुळात फारसा लागतच नाही, कारण हवा फिरवण्याचे काम तिच्या रचनेतच आहे. एकेरी जाड पत्र्याची किंवा ओतीव लोखंडाची, अंगानेच धग देणारी शेगडी असेल तर तिथे पंख्याचा खरा उपयोग होतो. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगडीत बहुधा विजेचा पंखा आतच बसवलेला असतो. तिच्यावर वेगळा पंखा ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही.

दुसरे माप उंचीचे. पुष्कळ इंग्रजी घरांत शेगडी जुन्या फायरप्लेसच्या कोनाड्यात बसवलेली असते आणि तिच्या माथ्यावर वीतभरच जागा उरते. पंख्याच्या उंचीशिवाय वर किमान चार बोटे जागा मोकळी हवी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागे गार हवा पोचायला वाट हवी. कोनाड्यातली हवा स्वतःच तापलेली असेल तर पंखा तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आणि हीटसिंक कधीच थंड होत नाही. अशा ठिकाणी बुटका, रुंद पात्यांचा पंखा पुढच्या बाजूला सरकवून ठेवून पाहावा. तोही अडखळत असेल तर नाद सोडावा.

लाकडाचाही इथे संबंध येतो. ओले लाकूड जाळले की बरीच धग पाणी उडवण्यात जाते, शेगडीचा माथा तापत नाही आणि दोष पंख्याला दिला जातो. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात 20 टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही. फुकटचे, नुकते तोडलेले लाकूड आणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे पावसाळ्याआधी नारळाची सोडणे (सालपटे) आणि चुडते (सुक्या झावळ्या) माळ्यावर टाकणाऱ्या आजीला हे निराळे सांगावे लागत नसे.

निवड

पेटीवर दोन आकडे पाहावेत: पंखा कोणत्या तापमानाला सुरू होतो आणि कमाल किती तापमान सोसतो. सुरू होण्याचा आकडा साधारण 50 ते 85 अंशांच्या दरम्यान असतो आणि कमाल आकडा 250 पासून 345 अंशांपर्यंत आढळतो. आपण लिहून ठेवलेला सर्वोच्च आकडा पंख्याच्या कमाल आकड्यापेक्षा किमान तीस-चाळीस अंशांनी खाली असावा. मंद, सावकाश पेटणाऱ्या शेगडीसाठी लवकर सुरू होणारा पंखा घ्यावा. जिचा माथा 300 च्या वर जातो तिच्यासाठी कमाल आकडा मोठा असलेलाच घ्यावा, मग तो सुरू व्हायला दहा मिनिटे अधिक लागली तरी चालेल. कमाल आकडा कुठेच छापलेला नसेल तर तो पंखा घेऊ नये.

स्वस्त पंख्यांत एक लबाडी असते आणि ती पंखा उघडल्याशिवाय दिसत नाही. थंडावा निर्माण करण्यासाठी बनवलेली वडी, म्हणजे लहान गाडीतल्या थंड पेटीत असते ती, दिसायला अगदी वीज देणाऱ्या वडीसारखीच असते आणि उलट वापरली तर वीजही देते. परंतु तिच्या आतले सोल्डर पुष्कळदा 138 अंशांच्या आसपासच वितळते. शेगडीवर ती काही दिवस, फार तर एखादा हिवाळा चालते आणि मग एका संध्याकाळी कायमची बंद पडते. माझ्याकडे आलेल्या बंद पंख्यांत हेच कारण सर्वाधिक वेळा सापडले. म्हणून ज्याचे मॉड्यूल आणि मोटर सुटी विकत मिळते असा पंखा घ्यावा. सुटे भाग देणारा विक्रेता सहसा भलती वडी घालत नाही. या पंख्यांत सर्वांत जुने आणि परिचित नाव कॅनडाच्या कॅफ्रामो कंपनीच्या इकोफॅनचे आहे, आणि त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत.

पात्यांची संख्या हा जाहिरातीचा विषय आहे. दोन पाती असोत वा पाच, मोटरला मिळणारी वीज तेवढीच असते. अधिक पाती असली की वेग कमी होतो आणि आवाज थोडा घटतो, एवढेच. हवेच्या प्रमाणाचे आकडेही सबुरीने वाचावेत. दर मिनिटाला 150 घनफूट हा आकडा मोठा वाटतो, पण तो सव्वाचार घनमीटर झाला. आपल्या बैठकीच्या खोलीतला छताचा पंखा दर मिनिटाला सुमारे 200 घनमीटर हवा हलवतो.

एक वेगळा प्रकारही मिळतो: स्टर्लिंग इंजिनाचा. रॉबर्ट स्टर्लिंग यांनी 1816 मध्ये या इंजिनाचे पेटंट घेतले. बंद नळीतली हवा आळीपाळीने तापते आणि निवते, दट्ट्या वरखाली होतो आणि पाती फिरतात. यात वीज कुठेच नाही. गंमत अशी की वीज पोचण्यापूर्वी उष्ण प्रदेशांत रॉकेलच्या दिव्यावर चालणारे असेच गरम हवेचे पंखे अंगावर वारा घेण्यासाठी विकले जात. आजचे शेगडीवरचे स्टर्लिंग पंखे महाग असतात, त्यांना माथा अधिक तापलेला लागतो आणि काही वेळा बोटाने हलका झटका देऊन सुरू करावे लागतात. पण त्यांत जळणारी वडी नसते आणि पाहत बसायला ते फार सुंदर असतात. मला स्वतःला आवडतात, तरी रोजच्या वापरासाठी मी वडीचा पंखाच सुचवतो.

मांडणी

पंखा माथ्याच्या मधोमध ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. मध्यभाग सर्वांत तापलेला असतो आणि तिथे पंख्याच्या चारही बाजूंनी गरम हवा वर चढते. योग्य जागा म्हणजे धुराच्या पाइपाच्या बाजूला, माथ्याच्या मागच्या किंवा कडेच्या भागात, पाती खोलीकडे करून. मागे भिंत असेल तर तिच्यापासून 15 सेंटिमीटर तरी अंतर असावे. पाइपाला चिकटवून ठेवू नये, कारण पाइपाची धग थेट हीटसिंकवर पडते. पंख्याचा तळ शेगडीवर पूर्ण टेकला पाहिजे. माथ्यावर गंजाचे पोपडे, सांडलेला चहा किंवा नक्षी असेल तर मध्ये हवेची फट राहते आणि तळ तापत नाही. माथा आणि तळ कोरड्या कपड्याने पुसून घेणे, एवढा उपाय कित्येकदा पुरतो.

पुष्कळ पंख्यांच्या तळाशी दोन धातूंची एक चपटी पट्टी असते. तापमान मर्यादेबाहेर गेले की ती वाकते आणि पंख्याची एक कड किंचित उचलते, म्हणजे तळाला मिळणारी धग कमी होते. ही पट्टी वाकलेली दिसली म्हणून कोणी ठोकून सरळ करू नये. थंड झाल्यावर ती आपोआप सरळ होते. ती रोजच उचलत असेल तर जागा बदलावी.

शेगडी पेटण्याच्या आधीच पंखा जागेवर ठेवावा, म्हणजे तो तिच्याबरोबर हळूहळू तापतो. फिरणाऱ्या पंख्याला पात्यांनी कधी धरू नये, वरच्या कडीनेच उचलावे आणि तेही हातमोजा घालून. जागेवरून काढल्यावर तो थंड फरशीवर ठेवू नये, पाण्यात तर मुळीच घालू नये. एकदम बसलेल्या थंडीने वडीतले नाजूक सांधे तडकतात. लहान मुले असलेल्या घरात शेगडीभोवती जाळीचे कुंपण हवेच.

वारा कुठे जातो

महिन्याभराने भाच्याचा पुन्हा फोन आला. त्याने दुहेरी आवरणाची शेगडी असलेले घर सोडून दुसरे घेतले होते आणि तिथे एकेरी पत्र्याची शेगडी होती. तो म्हणाला, “मामा, पंखा आता गरगर फिरतो, पण समोर बसलं तरी वारा लागत नाही.” मी त्याला अगरबत्ती लावायला सांगितले. शेगडीपासून एक मीटरवर, बसल्यावर छाती येते त्या उंचीवर ती धरावी आणि धूर कोणीकडे वळतो ते पाहावे. मग दोन मीटरवर आणि शेवटी खोलीच्या दाराशी. पंख्याशिवाय धूर सरळ वर जातो. पंखा चालू असताना पहिल्या जागी तो आडवा वळला, दुसऱ्या जागी किंचित झुकला आणि दाराशी काहीच फरक दिसला नाही. या पंख्याचा पल्ला साधारण इतकाच असतो.

तो वेगळी उष्णता निर्माण करत नाही. शेगडीवरची हवा जी सरळ छताकडे जाऊन तिथेच साचली असती, तिला तो वर चढण्याआधी आडवी ढकलतो, आणि बसलेल्या माणसाच्या पायांपर्यंत ऊब थोडी लवकर पोचते. खरा फायदा मोजायचा असेल तर दोन साधे थर्मामीटर घ्यावेत, एक शेगडीच्या बाजूच्या भिंतीवर आणि एक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि सारखेच लाकूड घालून एक संध्याकाळ पंख्यासह आणि एक पंख्याविना आकडे लिहावेत. दोन्ही टोकांच्या तापमानातला फरक घटला तर पंखा काम करतो आहे. शेजारची खोली गरम होईल या आशेवर मात्र कोणी तो घेऊ नये. त्यासाठी दाराशी जमिनीवर एक छोटा विजेचा पंखा ठेवून शेजारच्या खोलीतली गार हवा शेगडीकडे ढकलावी. दाराच्या वरच्या भागातून गरम हवा आपोआप तिकडे जाते. उलट करण्यापेक्षा, म्हणजे गरम हवा ढकलण्यापेक्षा, हे जास्त चालते.

एक गोष्ट हा पंखा मुळीच करत नाही: धूर किंवा विषारी वायू बाहेर काढत नाही. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात ज्या खोलीत लाकडाची शेगडी वापरात आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणे 2015 पासून घरमालकावर बंधनकारक आहे. तो नसेल तर पंख्याआधी तो मागून घ्यावा. धुराडे वर्षातून एकदा तरी साफ झालेच पाहिजे.

आपल्या चुलीवर का नाही

भाच्याने त्याच्या आईसाठी, म्हणजे माझ्या बहिणीसाठी, असाच एक पंखा आणला होता. सत्तरी तालुक्यातल्या त्यांच्या घरी न्हाणीच्या चुलीवर अजून पाण्याचे भाण तापते आणि स्वयंपाकघरातही एक चूल आहे. चुलीला सपाट माथा नाही म्हणून आम्ही भाकरीचा तवा पालथा घातला आणि त्यावर पंखा ठेवला. दोन मिनिटांत तो असा काही फिरू लागला की बहिणीने पदर आवरला. पाचव्या मिनिटाला तळाची पट्टी उचलली, पण करवंट्यांच्या ज्वाळा तव्याच्या कडेने वर येऊन थेट हीटसिंकला चाटत होत्या. पाती मंदावली, उलट दिशेने अर्धा फेरा डुलली आणि थांबली. मग जळक्या वायरचा वास आला. दोष पंख्याचा नव्हता आणि देणाऱ्याचाही नव्हता. मी, हे सगळे समजणारा माणूस, कडेने येणारा जाळ विसरलो होतो. तळही तापला आणि डोकेही तापले, मग फरक राहणार कुठून?

शिवाय उघड्या चुलीवर हा पंखा चालला असता तरी अनर्थच केला असता, कारण वर जाणारा धूर त्याने घरातच फेकला असता. चुलीला हवा हवी असते ती जाळाच्या आत, म्हणून आपल्याकडे फुंकणी आहे. याच तत्त्वावर, वडीतून मिळालेल्या विजेने पंखा फिरवून जाळात हवा सोडणाऱ्या स्वयंपाकाच्या शेगड्या बनल्या आहेत आणि त्यांत धूर खरोखरच कमी होतो. मात्र त्या शेगड्या पूर्ण वेगळ्या रचनेच्या असतात. काश्मीरची बुखारी किंवा हिमाचलातला पत्र्याचा तंदूर या खोली गरम ठेवणाऱ्या बंद शेगड्यांवर मात्र हा पंखा ठेवता येतो. पातळ पत्रा फार झपाट्याने तापतो, एवढे सांभाळावे.

बंद पडल्यास

प्रथम पाती बोटाने फिरवून पाहावीत. अडखळत असतील तर मोटरच्या दांड्यावर केस किंवा धूळ गुंडाळलेली असते. ती काढून उच्च तापमानाला टिकणाऱ्या तेलाचा एकच थेंब सोडावा, शिवणयंत्राचे तेल वापरू नये. मोकळी फिरत असतील तर मोटरच्या दोन वायरी सोडवून दीड व्होल्टच्या साध्या पेन्सिल सेलला लावाव्यात. मोटर फिरली तर ती ठीक आहे. मग एका पसरट भांड्यात बोटभर उकळते पाणी घेऊन त्यात फक्त तळ बुडेल असा पंखा उभा करावा आणि वडीच्या वायरींवर मल्टिमीटर लावावा. अर्ध्या-एक मिनिटात व्होल्टचा आकडा वर चढला पाहिजे. तो शून्यापाशीच राहिला तर वडी गेली.

वडी बदलताना मूळच्या मापाचीच आणि वीज निर्मितीसाठी बनवलेली, 200 अंशांहून अधिक सोसणारी मागवावी. जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे धग वाहून नेणारा लेप, पूर्ण खरवडून दोन्ही बाजूंना नवी, नखाएवढ्या जाडीचीही नव्हे इतकी पातळ लावावी आणि चारही स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. एकच स्क्रू आधी घट्ट केला की वडीला कोपऱ्यात तडा जातो. वडीच्या वायरींचे टोक उलटे जोडले गेले तर पंखा उलट फिरतो आणि हवा भिंतीकडे जाते, तेव्हा रंग आधी लिहून ठेवावेत.

बहिणीच्या घरी जळलेला तो पंखा मी असाच दुरुस्त केला आणि भाचा परत जाईपर्यंत तो चार महिने गोव्यात राहिला, त्यातले दोन पावसाचे. इथल्या खाऱ्या दमट हवेत अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि मोटरचे ब्रश गंजतात. म्हणून तो कोरड्या फडक्यात गुंडाळून, औषधांच्या बाटल्यांत येतात तशा सिलिका जेलच्या पाच-सहा पुड्यांसह बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला होता. नेण्याच्या आदल्या दिवशी डबा उघडून त्याला उकळत्या पाण्यात उभे केले, तेव्हा चहा गाळून होईपर्यंत तो फिरू लागला.